वनूचे आठ पौंड

८ फेब्रुवारी १९६५, सोमवार

नापास! आणि कशात, तर वजनात.

मिलिटरी नर्सिंगची लेखी पास, तोंडी पास, डोळे, कान, दात सगळं उत्तम. शेवटी काट्यावर उभी केली आणि मिलिटरीच्या डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. उंचीच्या मानाने आठ पौंड कमी! जूनच्या शेवटी पुन्हा या. तेव्हाही कमी भरलं तर मग येऊ नका.

वनूने हे सगळं चपला काढता काढता सांगितलं, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. स्वयंपाकघरात जाऊन दोन पेले पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, पाण्याचं वजन धरत असते तर आत्ताच पास झाले असते."

मी हसले. ती हसली नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दूधकेंद्रावरचं काम आटोपून आली तेव्हा तिच्याकडे नीट पाहिलं. रोज बघून बघून माणूस दिसेनासं होतं. गळ्याची हाडं वर आलीत. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. वीस वर्षांची मुलगी!

चार वर्षांपूर्वी आली तेव्हा अशी नव्हती. हे गेल्यावर मी अंधेरीच्या या दोन खोल्यांत एकटी पडले, म्हणून तिच्या वडिलांनी, गुणाजींनी, तिला मालवणहून माझ्या सोबतीला धाडलं. जानकीची मुलगी, माझ्या धाकट्या बहिणीची. गोल गाल, तेल चोपडलेल्या दोन वेण्या, काखेत फणस. मी शिकवते त्या शाळेतल्या ड्रॉइंगच्या बाई म्हणाल्या होत्या, "कोकणातून लोणी आलं की हो तुमच्याकडे!"

ते लोणी माझ्याच घरात वितळलं, हे उघड आहे.

नर्स व्हायचं हे तिचं जुनं. जानकी गेली त्या रात्री घरातली सगळी माणसं रडून रडून झोपी गेली होती. जागी होती फक्त दवाखान्यातली नर्स. सात वर्षांच्या वनूने तेवढं एक पाहून ठेवलं. आणि लष्करातच का, तर तिथे शिकवतात आणि मग कुठेही पाठवतात. "कुठेही" हा शब्द ती अशी उच्चारते, जशा तिच्या वयाच्या मुली साडीच्या रंगाचं नाव घेतात.

१४ फेब्रुवारी, रविवार

खाणं वाढवलं. सकाळी दूध आणि केळी, दहाला शिरा, दुपारी तूप-भात. रेशनचा तांदूळ दोघींना पुरत नाही, म्हणून मी पोळीवर आले. मला चालते. संध्याकाळी अंडं. लहानपणी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात आम्हाला रविवारी अंडं मिळायचं. सिस्टर अ‍ॅग्नेस त्याचं टोक चमच्याने अलगद फोडायच्या, टोपी काढावी तसं. वनूला तसंच फोडून दिलं. तिने सरळ सोललं आणि अख्खं तोंडात टाकलं!

शेजारच्या क्षमाच्या आईने त्यांच्या दुधाच्या कार्डावरची अर्धी बाटली देऊ केली आहे. तिची क्षमा परीक्षेसाठी रात्र रात्र जागते आणि फुगत चालली आहे, तिला दूध बंद.

सोनूबाई पापलेट घेऊन दारात बसली होती. वेसाव्याहून येते, पंधरा वर्षांची ओळख, जिभेला हाड नाही. वनूकडे बघून म्हणाली, "कवरी सुकली गो ही पोर! माज्या पाटीत बसवली तरी पाटी हलकीच राहील!"

आतून वनू ओरडली, "सोनूमावशी, मी तुझ्या पाटीत बसले तर मांजरंसुद्धा मागे येणार नाहीत!"

सोनूबाई इतकी हसली की एक पापलेट जास्त टाकलं.

२२ फेब्रुवारी, सोमवार

दोन आठवडे झाले. अर्धा पौंडसुद्धा नाही!

डॉ. श्यामसुंदरांकडे नेलं. जीभ पाहिली, पोट दाबून पाहिलं. रक्त, लघवी तपासून झालीच होती, त्यात काही नाही. मग एकदम विचारलं, "झोप कशी आहे?"

"ठीक आहे," वनू म्हणाली.

"ठीक म्हणजे?"

"पडले की लागते."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही घालताय ते अंगी लागायला झोप लागते. या वयात ती मोडली की पोरं दोन टोकांना जातात. माझ्याकडे विक्रोळीच्या कारखान्यातली रात्रपाळीची दोन पोरं येतात. एकच खोली, एकच पाळी. एक रात्रभर काहीबाही खात सुटतो, त्याला शर्टाची बटणं लागत नाहीत. दुसऱ्याच्या बरगड्या मोजून घ्या. दोघांनाही औषध नको आहे, झोप हवी आहे. पण पोरांना ते सांगून पटत नाही. त्यांना वाटतं झोप म्हणजे आळस."

क्षमाची आठवण झाली. तीही त्यातलीच म्हणायची, पहिल्या टोकाची.

तेव्हा आता वनूच्या झोपेवर लक्ष ठेवायचं.

२३ फेब्रुवारी

डॉक्टरांचं खरं आहे! मला रात्री जाग येते. रोजच येते, वयच तसं. जाग आली की विचारते, "वनू, झोपलीस का गं?" हे काही आजचं नाही, पण काल लक्ष देऊन ऐकलं. पहिल्या हाकेला उत्तर नाही. दुसऱ्या हाकेला नाही. तिसऱ्या वेळी म्हणाली, "नाही, मावशी."

पहाटे पुन्हा विचारलं. पुन्हा तेच!

म्हणजे "पडले की लागते" म्हणणारी मुलगी रात्रभर छताकडे बघत पडलेली असते. आणि विचारात इतकी बुडालेली की दोन हाका कानात शिरतही नाहीत.

कसले विचार असतील?

१ मार्च, सोमवार

दूधकेंद्र सोडायला लावलं. पहाटे चारला उठून बाटल्या वाटायच्या, कुणाची झोप शाबूत राहील?

तिला ते आवडलं नाही. "मावशी, मला तिथे बरं वाटतं गं. आरेची गाडी येते, क्रेट उतरतात, काचा किणकिणतात. अख्खी अंधेरी झोपलेली असते आणि आपण जागे असतो!"

"तेच तर चुकतंय," मी म्हटलं.

वाद घालत नाही ही मुलगी. हीच तिची एक खोड आहे.

४ मार्च

रात्री दोनदा विचारलं. दोन्ही वेळा जागी.

१५ मार्च, सोमवार

दवाखान्याच्या काट्यावर एक पौंड कमी! वाढलं नाही ते नाहीच, वर होतं त्यातलं गेलं. आता नऊ.

झोपेची गोळी मागितली तर डॉक्टर रागावले. "वीस वर्षांच्या मुलीला? भलतंच!" मग घरचे उपाय. दुधात जायफळ. उशीखाली वाळा. झोपताना तळपायांना तूप लावून काशाच्या वाटीने घासायचं, आमची आई करायची तसं. वनूला गुदगुल्या होतात. पाय ओढून घेते, हसते, "मावशी, सोड ना, शपथ!" पण उपाय रामबाण. वाटी काळी पडायच्या आत पोरगी गाढ! तोंड उघडं, हात गादीबाहेर.

फार समाधान वाटलं. रात्री जाग आली तेव्हा खात्री करावी म्हणून विचारलं —

जागी!

२० मार्च, शनिवार

वनू विक्रोळीला गेली. तिची चुलत बहीण शुभा तिथल्या कंपनीच्या वसाहतीत राहते, तिला मुलगा झाला. सासू गावी आजारी, घरात करायला कोणी नाही. नाही म्हणता येईना. पण बाळंतिणीचं घर! तान्हं मूल रात्रभर रडणार. होतं तेवढं वजनही तिथेच ठेवून येणार ही.

सोबत शिरा दिला आहे डब्यात.

२४ मार्च

घर फार मोठं वाटतं. दोनच खोल्या असून.

रात्री जाग आली, विचारलं, तीनदा विचारलं. मग आठवलं.

पडल्या पडल्या डॉर्मिटरी आठवत राहिले. भायखळ्याची ती लांबलचक खोली, लोखंडी खाटांच्या दोन रांगा, पांढऱ्या मच्छरदाण्या. मी नऊ वर्षांची. बाबांची बदली झालेली, आई त्यांच्याबरोबर. सिस्टर अ‍ॅग्नेस रात्री कंदील घेऊन फेरी मारायच्या. पदराआड धरावा तसा तो त्या झग्याआड धरायच्या, उजेड फक्त आपल्या पावलांपुरता ठेवायच्या. प्रत्येक खाटेशी थांबायच्या. मी डोळे मिटून श्वास सावकाश सोडायची, झोपेचं सोंग. त्यांना कळत असणार. पण त्या काही बोलल्या नाहीत कधी. पुढच्या खाटेकडे जायच्या. मग मला खरीच झोप लागायची.

त्या फेरीनंतर जशी झोप लागायची तशी पुन्हा फक्त लग्नानंतर लागली.

८ एप्रिल, गुरुवार

वनू आली. दारात उभी होती तेव्हाच दिसलं, चेहरा भरलाय! तडक दवाखान्यात नेलं. तीन पौंड वर!

"काय खायला घातलं शुभाने?"

"काही नाही गं. पेज, सुकट, भाजी. तुझा शिरा भावजींनीच संपवला."

"आणि जागरण? बाळ रडायचं ना?"

"रडायचं की! पण रडलं की शुभाताई उठायची. मला कोण उठवतंय?"

हे कोडं सुटेना. दुपारभर विचार केला. शेवटी विचारलं, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू खाल्लेस का? म्हणाली, रोज एक. सापडलं! उद्या डिंक आणते.

१८ एप्रिल, रविवार

लाडूंचा दुसरा डबा चालू आहे. क्षमाच्या आईला वास जातो, ती म्हणते माझ्या पोरीचं वजन नुसत्या वासाने वाढेल.

काल गुणाजी आले. आता सत्तरीला आले, गिरणीतून सुटून मालवणला राहिल्याला दहा वर्षं झाली, पण मुंबईत पाऊल ठेवलं की पहिल्यांदा गिरणीच्या भोंग्याची वेळ विचारतात. तांदूळ, कोकमं, आणि मुलीसाठी एक स्थळ घेऊन आले आहेत. स्थळ सावंतवाडीचं. पोस्टात आहे.

"मिल्ट्रीत पोरींचा काय काम?" जेवताना म्हणाले. "ही बंदूक धरतली काय?"

"बाबा, मी इंजेक्शन धरतलंय," वनू म्हणाली.

"काडी तू! इंजेक्शन तुका धरतला!"

वनू खूप हसली. मग मान खाली घालून तिसऱ्यांदा भात घेतला. नापास झाली तर सावंतवाडी असं गुणाजींनी म्हटलेलं नाही. ते म्हणाले, "नाय झाला तर ऱ्हवतली हयसर तुझ्याकडे, विमलताय. तुका सोबत." ते तिच्यावर जबरदस्ती करणारे नाहीत. नापास झाली तर इथेच राहील, पुन्हा दूधकेंद्र, पुन्हा मी. कुठेही नाही.

आज सकाळी चहा घेताना गुणाजी म्हणाले, "चेडू शिकवलेला विसराक नाय हा. राती आयकलंय, बरा वाटला."

"पोरीला काय शिकवलेलं?"

"रातीची कोणी हाक मारली तर पयल्या हाकेक ओ देव नये. दुसऱ्याकय नाय. तिसऱ्याक देवची. भूत तीनदा हाक मारीत नाय. माणूसच मारता."

तर हे असं! म्हणून तिसरी हाक. मी दोन महिने समजत होते ती विचारात असते. मला हसू आलं. सिस्टर अ‍ॅग्नेसना हे सांगितलं असतं तर त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली असती आणि मग हळूच हसल्या असत्या.

२६ एप्रिल, सोमवार

आजचं जसं झालं तसं लिहिते.

वजन एक पौंड उतरलं. लाडू खाऊन! मी डॉक्टरांवरच चिडले. म्हटलं, डॉक्टर, झोपच नाही हो हिला, तुम्ही म्हणता तसंच आहे, मी स्वतः तपासते.

"कसं तपासता?"

"रात्री मला जाग आली की विचारते, झोपलीस का म्हणून. दर वेळी म्हणते, नाही. एकदाही झोपलेली सापडली नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं, वनूकडे पाहिलं. वनू भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती.

"किती वेळा हाक मारता?"

"तीन. पहिल्या दोन हाकांना ती ओ देत नाही. त्यांच्यात तशी पद्धत आहे."

"म्हणजे पहिल्या हाकेला जाग, दुसरीला वाट, तिसरीला उत्तर. असं रात्रीतून दोन-तीनदा." ते हसत नव्हते. "बाई, मला कोणी झोपेतून उठवून झोपलात का विचारलं, तर मीही नाहीच म्हणेन."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आणि विक्रोळीला हाक मारायला कोणी नव्हतं," डॉक्टर म्हणाले. ते म्हणायची गरज नव्हती.

घरी येताना वनू माझ्या डाव्या हाताला होती. म्हटलं, "मुली, चार वर्षं! सांगायचं नाहीस?"

"सांगून काय करायचं होतं?"

"मी विचारलं नसतं!"

"मग तुला झोप लागली नसती," ती म्हणाली. "मी ओ दिली की तू कूस बदलतेस आणि लगेच घोरतेस, मावशी. मस्त घोरतेस. मी ऐकते. मग मीही झोपते कधीतरी."

मग भाजीवाल्याशी पालकाच्या जुडीवरून भांडली. एरवी भांडत नाही.

२७ एप्रिल

काल सगळं समजलेलं असताना रात्री पुन्हा हाक मारली.

झोपेत नाही. पूर्ण जागेपणी. मी पडून राहिले होते, अंधारात ती दिसत नव्हती, श्वास ऐकू येत नव्हता. स्वतःला म्हटलं, विमल, गप्प राहा. आणि तोंडातून गेलंच, "वनू, झोपलीस का गं?" तिसऱ्या हाकेला ती म्हणाली, "नाही, मावशी," नेहमीसारखं, रागाचा लवलेश नाही. आणि मला झोप लागली. झोप लागली याची जास्त लाज वाटते.

कारण माझं मला माहीत आहे. हे गेले त्या रात्री मला उत्तम झोप लागली होती. एकदाही जाग आली नाही. सकाळी चहा ठेवला, दोनदा हाक मारली, वाटलं आज आळस आलाय, म्हणून चहा झाकून ठेवला. मग दूध घेतलं, झाडांना पाणी घातलं. मग गेले उठवायला.

तेव्हापासून रात्री जाग येते. जाग आली की शेजारी कोणीतरी ओ दिली पाहिजे.

आणि आणखी एक. तेही लिहून टाकते, इथे कोण वाचणार आहे? काल हाक मारण्याआधी एक विचार येऊन गेला. मुलगी अशीच राहिली तर इथेच राहील.

मग हाक मारली.

२८ एप्रिल, बुधवार

ह्यांचा जुना टॉर्च काढला. नवे सेल घातले. काचेवर रुमालाची दुहेरी घडी बांधली, उजेड पावलांपुरता.

बघायचं. विचारायचं नाही.

२९ एप्रिल

रात्री उठले. टॉर्च जमिनीवर धरून तिच्या गादीपर्यंत गेले. चादर वर जाते, खाली येते. पुरे. परत येऊन पडले. झोप नाही लागली, पण हाक नाही मारली.

गंमत पुढेच. थोड्या वेळाने तीच उठली! हाकेची वेळ झाली आणि हाक नाही, म्हणून जाग आली असणार. अनवाणी आली, माझ्या खाटेशी उभी राहिली, वाकली. तिच्या केसांचा शिकेकाईचा वास आला. मी डोळे मिटले आणि श्वास सावकाश सोडला. डॉर्मिटरीतली युक्ती, अजून येते!

ती बराच वेळ उभी होती. मग गेली.

कोण कुणाला फसवतंय?

३ मे

ती उठली नाही. मी तीनदा उठले.

१० मे, सोमवार

तीन पौंड वर. आता चार कमी.

गुणाजी उद्या जातात. काट्याची बातमी ऐकून त्यांनी पान लावलं, चुना जास्त झाला, थुंकले. "विमलताय, तू हिका खरीच धाडतलंस?" म्हटलं, मी कुठे धाडते, तिचीच जायची तयारी आहे. म्हणाले, "जानकी आसती तर हाक मारून थांबयली आसती." जानकीने काय केलं असतं कोण जाणे. पण हा माणूस मुलीला घेऊन जायला आला होता आणि एकटा परत चाललाय. सावंतवाडीच्या पोस्टातल्या मुलाला काय सांगणार म्हटलं तर म्हणाले, "सांगतंय, चेडवाचा वजन वाढता हा, लगीन मागीर."

२६ मे

सोनूबाईने आज वनूकडे बघून मान डोलावली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता तू सुकलीस गो, बाय! एकीला भरता भरता दुसरी रिती? दोघींना एकदम नाय जमत काय?"

वजन नाही करून घेतलं. काय करायचंय!

वनूने मात्र ऐकलं. रात्री जेवताना माझ्या पानात अंडं फोडून ठेवलं. टोक अलगद काढून, टोपीसारखं. कधी बघून ठेवलं होतं कोण जाणे.

२७ जून, रविवार

उद्या. अर्धा पौंड कमी आहे की बरोबर आहे, डॉक्टरांच्या काट्याला विचारून उपयोग नाही, त्यांचा आणि मिलिटरीचा काटा एक नाही.

सोनूबाई मुद्दाम आली. पदराच्या गाठीतून जाळ्याला लावतात ते शिशाचे मणी काढले. "अंबाड्यात घाल गो! कोण बघतंय?"

वनूने ते तळहातावर खेळवले. "सोनूमावशी, मिलिटरीत पहिल्याच दिवशी खोटं बोलू?"

"मग काय, जलमभर खरंच बोलशील?"

मणी परत दिले. रात्री वनू नऊला झोपली. मी हाक मारली नाही, टॉर्चही घेतला नाही. नुसती पडून ऐकत राहिले. तिचं घोरणंही आता ऐकू येतं. कुणाकडून घेतलं ते विचारायला नको.

२८ जून, सोमवार

पास!

१९ जुलै, सोमवार

पुण्याच्या गाडीत बसवून आले. दादरहून. ट्रंकेवर पांढऱ्या रंगाने तिचं नाव लिहिलं मी, कॉन्व्हेंटमध्ये गिरवलेल्या अक्षरात. इतकं सुंदर आलं की एक बाई म्हणाल्या, "पेंटरकडून काढून घेतलंत का?"

गाडी हलताना वनू खिडकीतून म्हणाली, "मावशी, रात्री जाग आली तर काय करशील?"

"पुस्तक वाचीन."

"नक्की?"

"तू जा आता."

घरी आले. तिची गादी गुंडाळून ठेवलेली. दुपारी गादी पुन्हा पसरली, ऊन दाखवायला. संध्याकाळी गुंडाळायची राहिली.

२ ऑगस्ट

जाग आली. पुस्तक वाचलं नाही.

११ सप्टेंबर, शनिवार

लढाई सुरू झाली आहे. सगळ्या खिडक्यांना काळे कागद लावले. क्षमाने लावून दिले, स्टुलावर चढून. परीक्षा संपल्यापासून तिची झोप पुरी होते आणि ती निम्मी झाली आहे. स्टुलाला पोरगी पेलते आता! कागदांमुळे घरात दिवसाही संध्याकाळ. टॉर्च लावायला बंदी नाही, जमिनीकडे धरला तर. पण धरून कुठे जायचं?

वनूचं पत्र दोन आठवडे नाही.

२१ सप्टेंबर, मंगळवार

पोस्टकार्ड आलं. पेन्सिलीने, चार ओळी.

जखमी येत आहेत. नव्या मुलींनाही रात्रपाळीला लावलं आहे. वॉर्डात कोणी हाक मारली की पहिल्या हाकेला ओ देते, मावशी, तिसरीची वाट बघत नाही. इथे सगळी माणसंच आहेत.

लगेच उत्तर लिहिलं. क्षमाचं, सोनूबाईचं, काळ्या कागदांचं, सगळं लिहिलं. झोप मिळते का, एवढं विचारलं नाही.